तुमच्या गावात आज किती उंबरे उघडे आहेत?

संगमेश्वर तालुका, रत्नागिरी

गणपतीत आमच्या वाडीत सव्वीस घरांत आरत्या होत्या. एकेका घरची आरती आटपत शेवटच्या घरी पोचेपर्यंत रात्रीचे दोन वाजायचे. दिवाळीच्या आधी काकूला बघायला एकटाच गेलो. तिन्हीसांजेला पाखाडी चढताना उजेड दिसणारी घरं मोजली. आठ. त्यातल्या दोन घरांत एकेक म्हातारी. काकू म्हणाली, "पाहुण्यांचं गाव झालंय रे आपलं."

आमच्याकडे गाव केवढं हे उंबऱ्यांवर सांगतात. साठ उंबऱ्यांची वाडी, दीडशे उंबऱ्यांचं गाव. उंबरा तोच राहतो, घरपट्टीही भरली जाते, पण आत कोणी नसतं. २००१ ला रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११ ला ती १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गातही घट. राज्य वाढत असताना हे दोन जिल्हे आटले. रत्नागिरीत हजार पुरुषांमागे अकराशेहून जास्त बायका आहेत, आणि त्याचा सरळ अर्थ असा की पुरुष मुंबईला आहेत.

माझे आजोबा परळच्या गिरणीत होते, वडीलही. गावच्या मंडळाची एक खोली होती. पाळीप्रमाणे माणसं तिथं झोपायची, रात्रपाळीचा उठला की त्याच्या जागी दिवसपाळीचा. पैसे मनीऑर्डरने यायचे आणि त्यावर वाडी जगायची. भात-नाचणी सहा महिने पुरली तरी खूप. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि सगळे पुरुष वाडीत परत आले. त्या दोन वर्षांत आमची वाडी जेवढी भरलेली होती तेवढी पुन्हा कधी झाली नाही, आणि तेवढी उपाशीही. मग वडील परत मुंबईला गेले, ते पहारेकरी म्हणून.

२०११ नंतर शिरगणतीच झालेली नाही. २०२१ ची कोरोनात राहिली, आता माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये व्हायची आहे. त्याआधी आपणच आपापलं गाव मोजून बघावं असं मनात आलं. तुमच्या गावात आज रात्री किती घरांत चूल पेटेल? ती कशावर पेटते? कोण गावात असून धरलं जात नाही, कोण नसून धरलं जातं? मोठं गाव नको. वाडी, तांडा, पाडा, वस्ती, जे तुमचं असेल ते लिहा.

निवृत्त शिक्षक, बीड जिल्हा

२०११ च्या शिरगणतीत मी प्रगणक होतो, घरोघर जाऊन माणसं मोजणारा. ९ ते २८ फेब्रुवारी असे वीस दिवस होते. माझ्याकडे दोन वाड्या आणि एक तांडा. नियम असा की या वीस दिवसांत माणूस ज्या घरी राहिला तिथं त्याची नोंद. जो सगळे वीस दिवस बाहेर असेल, त्याला तो असेल तिथला प्रगणक धरील.

आता बीडमधला फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा ऐन भर. तांड्यावर दर दोन घरांआड दाराला बाभळीची फांदी आडवी लावलेली. एखाद्या ओट्यावर म्हातारी बसलेली, भोवती चार-पाच नातवंडं. मी त्यांची नावं लिहिली. आकडे जुळवायला बसलो तेव्हा तांडा साठीच्या वरच्या माणसांचा आणि दहाच्या आतल्या लेकरांचा निघाला. मधली माणसंच नाहीत. कोल्हापूर-सांगलीच्या उसाच्या फडात त्यांच्या कोपीपर्यंत, म्हणजे झोपडीपर्यंत, तिकडचा प्रगणक चालत गेला असेल असं मानून मी कागद बंद केले. २०२७ चा महिनाही तोच आहे, म्हणून हे आधीच लिहून ठेवतो.

दुसरी गोष्ट जास्त सलते. कामाच्या रकान्यात वर्षातले सहा महिने किंवा त्याहून जास्त काम असेल तर मुख्य, कमी असेल तर सीमांतिक अशी विभागणी असते. मग तो शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग की इतर. बाईचं काय काम म्हणून विचारलं की नवरा सांगायचा, "ती काही करत नाही, घरीच असते." आणि ती समोर शेणाची पाटी घेऊन उभी. प्रशिक्षणात आम्हाला बजावलं होतं की बाईच्या कामाबद्दल खोदून विचारा. पहिले दोन-तीन दिवस मी विचारलं. मग घरं उरकेनात, वरून तगादा आला, आणि मी नवऱ्याचं उत्तर लिहीत गेलो. किती बायकांचं काम माझ्या हातून असं पुसलं गेलं असेल.

पारनेर तालुका, अहिल्यानगर

गुरुजी, तुम्ही लिहिलंत म्हणून मी लिहितेय. त्या "घरीच असते"मधली एक मी.

आमची वस्ती बावीस घरांची, गावापासून दोन किलोमीटर. कांदा, थोडी बाजरी, पण वस्ती चालते ती दुधाच्या पगारावर. डेअरीवर दहा दिवसांनी हिशेब होतो, त्याला आम्ही पगारच म्हणतो. किराणा, दवाखाना, मुलांची फी सगळं त्या पगारावर. माझ्या गोठ्यात चार संकरित गाया. पहाटे साडेचारला उठून शेण, धारा, मग कुट्टी, पाणी, संध्याकाळी पुन्हा तेच. फॅटचा काटा खाली आला की वैरणीत काय बदलायचं ते मला कळतं, ह्यांना नाही. डेअरीचं खातं मात्र ह्यांच्या नावावर. सातबाऱ्यावर माझं नाव नाही. मी कधी कुठल्या कागदावर काम करणारी म्हणून आलेच नाही.

माणसांचं म्हणाल तर आमच्या वस्तीत तिशी ओलांडलेली सहा मुलं बिनलग्नाची आहेत. सगळी राबणारी, निर्व्यसनी. मुलीकडचे विचारतात, पुण्यात फ्लॅट आहे का, नोकरी आहे का. मी त्या मुलींना नावं ठेवणार नाही. माझ्या मुलीला मीच सांगितलंय की गोठ्यावर देणार नाही तुला. हे लिहिताना हात थांबला, पण खरं आहे. आमच्या पोरांच्या आया दुसऱ्यांच्या पोरींना आणायला बघतात आणि आपल्या पोरी पुण्याला पाठवतात. मग वस्तीवर पुढचं लेकरू येणार कुठून?

खानापूर तालुका, सांगली (सध्या केरळ)

आमच्या गावाला कोणी आलं तर त्याला वाटेल किती श्रीमंत गाव. दुमजली बंगले, ग्रॅनाइटच्या पायऱ्या, आणि प्रत्येक फाटकाला कुलूप. आत म्हातारे आईवडील, नाहीतर तेही नाहीत.

आम्ही गलाईवाले. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोनं-चांदी गाळायला देशभर गेलीत. केरळ, तामिळनाडू, कोलकाता, उत्तर प्रदेश, जिथं सराफकट्टा आहे तिथल्या एखाद्या बोळात मराठी माणसाची भट्टी सापडेल. जुना दागिना येतो, तो वितळवायचा, तेजाबात टाकून त्यातली भेसळ काढायची, शुद्ध सोनं हातात द्यायचं. सोनाराच्या दुकानातला कचरासुद्धा आम्ही विकत घेतो. तो जाळून, धुऊन त्यातला कण काढायचा. तेराव्या वर्षी चुलत्याने मला नेलं. पहिली दोन वर्षं फक्त भट्टी आणि झाडलोट. तेजाबाच्या धुराने चुलता पन्नाशीतच धापा टाकायला लागला, तेव्हा पंखा, धुराडं असलं काही नव्हतं.

धंदा विश्वासावर आहे. परक्या गावात परकी माणसं लाखाचं सोनं कच्च्या पावतीवर सोडून जातात. म्हणून मुलगा नेताना गावचाच नेतात, भावकीतला. एकाने दहा नेले, दहांनी शंभर, आणि गाव रिकामं झालं. माझी मुलं मल्याळम सफाईने बोलतात, मराठी घरापुरती. यात्रेला सगळे येतात. तेव्हा गावात गाडी लावायला जागा नसते, पाचव्या दिवशी पुन्हा शुकशुकाट.

पण एक बदल डोळ्यांसमोर झालाय आणि तो सांगितलाच पाहिजे. टेंभू योजनेचं कृष्णेचं पाणी आमच्या शिवारात आलं. माझ्या वडिलांनी जी जमीन पड टाकली होती तिच्यात धाकट्या भावाने द्राक्ष लावलं. तो परत आलाय, बायकामुलांसकट. आमच्या आळीत अशी चार कुलपं उघडली. लोक धंद्याच्या हौसेने गेले असं कोणी म्हणू नये. पाणी नव्हतं म्हणून गेले.

धारणी तालुका, अमरावती

मी इथली नाही, नोकरीमुळे अकरा वर्षं मेळघाटात आहे. थोडक्यात लिहिते. कोरकू गाव, शंभरेक घरं. दिवाळी झाली की बिऱ्हाडं बाहेर पडतात, हरभरा-गव्हाच्या सोंगणीला, बांधकामावर, कोणी मध्य प्रदेशात. लसीकरणाच्या यादीतली निम्मी मुलं मला सापडत नाहीत. होळीला मात्र कुठूनही, कसंही करून गावात येतातच. फगव्याचे ते चार-पाच दिवस मी एकही रजा घेत नाही, कारण वजनं, लसी, गरोदर बायांची तपासणी सगळं तेव्हाच होतं. लगेच मोहफुलं पडायला लागतात, मग काही आठवडे घरं भरलेली राहतात. पहाटे तीनपासून टोपल्या घेऊन लहानथोर झाडाखाली. मेळघाटची लोकसंख्या फेब्रुवारीत मोजू नका, होळीत मोजा, हे मी वरिष्ठांनाही सांगितलंय.

धारूर तालुका, बीड (सध्या पुणे, परिचारिका)

गुरुजी, तुम्ही ज्या ओट्यावर नावं लिहिलीत तसल्याच एका ओट्यावर मी वाढले. आजीजवळ आम्ही सहा नातवंडं होतो, तिच्या तीन लेकांची.

बालाघाटाच्या डोंगरात आमची दोन एकर, तीही माळाची. जूनमध्ये पेरायचं, दसऱ्यापर्यंत काढायचं, तेवढ्यावर वर्ष निघत नाही. ऊसतोडीचा मुकादम पोळ्याच्या आधीच उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देऊन जायचा. त्या पैशांत मागचं देणं फिटायचं, बहिणीचं लग्न व्हायचं, आजोबांचं आजारपण निघायचं. मग ती उचल फेडायला सहा महिने ऊस तोडायचा. उचल जोडीला मिळते. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला कोण घेणार? म्हणून आमच्याकडे पोरांची लग्नं लवकर होतात. माझी ताई सोळाव्या वर्षी कोयत्यावर गेली. लोक म्हणतात बीडमध्ये अडाणीपणामुळे बालविवाह होतात. मला तसं वाटत नाही. उचलीचा हिशेब जोवर जोडीवर आहे, तोवर मुलीचं वय कोण बघणार?

तिसरी आणि चौथी या दोन वर्षी आजी आजारी होती म्हणून मला सोबत नेलं. ट्रकमध्ये भांडी, धान्य, शेळी, कोंबड्या आणि आम्ही. फडाजवळ बांबू आणि चटया टाकून कोपी उभी करायची, आत वाकून जायचं. आई तीनला उठून भाकरी थापायची, चारला दोघं फडात. वडील तोडायचे, आई पाला सोलून मोळी बांधायची. गाडी भरताना तीच मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढायची. मी धाकट्याला कडेवर घेऊन बांधावर. ऊस भरून झाला की उरलेलं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आई गवळ्याला विकायची. तेलमिठाचे पैसे तेवढेच रोख दिसायचे, बाकी सगळं मुकादमाच्या वहीत. आजारी पडलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे वहीतून वजा.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंची गर्भाची पिशवी तिशीच्या आत काढली. दुसरीची बत्तिसाव्या वर्षी. पाळीत खाडा परवडत नाही, फडात पाणी नाही, आडोसा नाही, मग अंगावरून जायला लागलं की पिशवीच काढून टाका, असं त्यांना सांगितलं गेलं. २०१९ ला विधिमंडळात हा विषय निघाला, समिती नेमली गेली. तेव्हा मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. वर्गात शिकवत होते की या वयात गर्भाशय काढणं हा शेवटचा उपाय असतो. मला वर्गात बसवेना.

मी शिकले ती गावातल्या हंगामी वसतिगृहामुळे. आईवडील गेले तरी दोन वेळचं जेवण शाळेतून मिळायचं, म्हणून पाचवीपासून मला फडात न्यावं लागलं नाही. हे दोन वेळचं जेवण नसतं तर मी आज ड्यूटी संपवून हे लिहीत नसते.

कागदावर माझे वडील शेतकरी. आई काय आहे ते गुरुजींनी लिहिलंच आहे.

राजापूर तालुका, रत्नागिरी

धागा काढणाऱ्या भावांना सांगतो, कुलपं लागली हे खरं, पण आमच्या गावात माणसं आलीसुद्धा आहेत. ती आपण मोजत नाही. हापूसच्या बागा आता नेपाळी माणसांवर उभ्या आहेत. पाऊस सरला की येतात, आंबा संपला की जातात, काही बिऱ्हाडं बारमाही झालीत. पालापाचोळा काढणं, फवारणी, वानरांची राखण, झेला घेऊन आंबा उतरवणं, पेट्या भरणं. आम्ही सरसकट "गुरखे" म्हणतो, नाव विचारत नाही. मीही पाच वर्षं विचारलं नव्हतं. आमच्या प्राथमिक शाळेचा पट सात आहे, त्यातली चार मुलं नेपाळी. ती चार नसती तर शाळा कधीच बंद पडली असती. आमच्या गावातल्या मुलांसाठी शाळा उघडी ठेवलीय ती नेपाळच्या डोंगरातून आलेल्या आईबापांनी. परवा त्यातल्या एका मुलीने गावच्या नमनात गौळण केली. तिची मालवणी माझ्या मुंबईतल्या पुतण्यांपेक्षा चांगली आहे.

डिचोली, गोवा

आमचा गाव रात्री भरलेला आणि दिवसा रिकामा. सकाळच्या बसने तरुण माणसं पणजीला, औद्योगिक वसाहतीत जातात, सातला परत. लोकसंख्येत काही फरक दिसणार नाही.

पोट मात्र दोनदा बदललं. आधी कुळागर म्हणजे माड-पोफळीची बाग, भात, काजू. मग खाणी आल्या, घरटी एक ट्रक झाला, शेतात लाल चिखल उतरला तरी कोणी बोललं नाही कारण ट्रकच्या फेऱ्यांचे पैसे रोज येत होते. सप्टेंबर २०१२ ला खाणी थांबल्या. पुढे थोड्या चालू झाल्या, २०१८ ला परत थांबल्या. कर्जावर घेतलेले ट्रक दारात गंजले. माझ्या थोरल्या भावाने ट्रक भंगारात दिला त्या दिवशी तो जेवला नाही. आता तो पुन्हा काजूत आहे. फेब्रुवारी ते मे बोंडू गोळा करायचे, मळायचे, भट्टीवर आधी हुर्राक, मग फेणी. वर्षाचे चार महिने चांगले जातात. वडिलांनी खाणीच्या तेजीत काजूचा डोंगर विकला नाही, हे त्यांचे उपकार मोठे.

धानोरा तालुका, गडचिरोली

मेंढा-लेखा आमच्यापासून लांब नाही, म्हणून लिहितो. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" असं म्हणणारं ते गोंड गाव. २००९ ला त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबू वाहून न्यायचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला. निर्णय सगळ्यांच्या सहमतीने घ्यायचा, मतदान नाही. एकाचा जरी नकार असला तरी पुन्हा बसायचं.

ते बघून आमच्या ग्रामसभेनेही तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करायला घेतला. सत्तर पानांचा एक पुडा. आधी ठेकेदार मोजून घ्यायचा आणि खराब म्हणून बाजूला काढायचा, त्याला विचारणार कोण? आता मोजणारा गावचाच मुलगा आहे, हिशेब फळ्यावर लिहिला जातो. पहिल्या वर्षी ठेकेदाराने पैसे थकवले, गावात भांडणं झाली, हेही खरं. पण मे महिन्यात आमच्या गावातून कोणी बाहेर जात नाही, उलट हैदराबादकडे मिरची तोडायला गेलेली माणसं तेंदूसाठी परत येतात. आमचं गाव साठ घरांचं आहे आणि मे महिन्यात साठही घरं उघडी असतात.

संगमेश्वर तालुका, रत्नागिरी

राजापूरकर, पाच वर्षं नाव विचारलं नाही हे वाचून मी काकूला फोन केला. तिला दूध आणि औषधं आणून देणारा खालच्या बागेतला मुलगा नेपाळचाच आहे, मी त्याला आठ घरांत धरलंच नव्हतं. म्हणजे नऊ.

धारूरच्या ताईंना एक विचारायचं आहे. तुमचे आईवडील यंदा कुठे आहेत?

धारूर तालुका, बीड

घरी. आईच्या मानेचा मणका गेला, दोन वर्षांपासून मी त्यांना जाऊ देत नाही. दहा शेळ्या घेऊन दिल्यात. भाऊ आणि वहिनी गेलेत, दसऱ्यानंतर. त्यांची दोन लेकरं आईजवळ आहेत.

काल रात्री तुमचा प्रश्न मी आईला विचारला. ती फोन घेऊन ओट्यावर आली, अंधारात दोन्हीकडे बघितलं असेल. म्हणाली, गल्लीत अकरा घरं, तीन उघडी. आपलं धरून.